विमानाच्या इंजिनाचं कडं

आमच्या मालकांचं नाव मी घेत न्हाय. त्यो विमानवाला साहेबच दिवसभर "कोंडिबा, कोंडिबा" करून बोंबलायचा. पण उपेग काय? सोलापूरच्या गिरणीत माग दुरुस्त करता करता मालकांचं कान पार गेलेले.

त्या साली गोऱ्या साहेबानं आमच्या खोपटापुढच्या माळावर विमान आणलं. पैसं घ्यायचा आन माणसं फिरवून आणायचा. काय त्यो आवाज, गं बया! आमची बजा बाळंतपणाला आलेली, आदीची दोन पोटातच गेलेली. विमान उठलं की पोरगी पोट धरून मटकन खाली बसायची. माझा जीव तुटायचा.

मी मालकांच्या तोंडापुढं जाऊन वरडले, "तुमास्नी ऐकू येत न्हाय म्हणून काय झालं? लेकीचं बगा की!"

मालक साहेबाकडं गेले, इंजिनाचा आवाज दाबून देतो म्हणाले. गुरं बुजतात म्हणून साहेबाला बी ताकीद आलेली, त्यो लगेच व्हय म्हणला. पण त्याचं इंजीनच मुलखावेगळं. पंख्यासंगं सगळं इंजीन गरगर फिरायचं, वंगणाचं एरंडेल उडवायचं. आवाज यायचा धुराच्या तोंडांतनं, पण फिरत्या तोंडांना नळी लावायची कशी? मालकांनी इंजिनाभवती पत्र्याचं बंद कडं बसवलं आन सगळा धूर एकाच नळीनं खाली काढला. साहेब इंजीन चालू करायचा, मालक खोपटाच्या पत्र्याला तळहात लावून थरथर बगायचे, मी कान द्यायची. लई खटपट केली, पण जमलं. बजा दुपारची निवांत झोपाय लागली. मालकांची ऐट काय सांगू, जसं काय तेच उडत व्हते!

पण आमी गिरणीची माणसं. बजा बी लगनाआदी माझ्यासंगं सुताच्या कांड्या भरायची. आवाज बंद म्हंजी मशीन बंद, एवढंच आमच्या अंगात भिनलेलं. बापाची भाकरी घिऊन ती बिनघोर माळावरनं निघाली. पाठीमागनं विमान उतरत व्हतं. आदी ते उतरताना अशी घुरघुर करायचं की गुरंसुदा बाजूला व्हायची. आता तिला कायबी ऐकू आलं न्हाय. मालक वरडत पळत सुटले. साहेबानं विमान कसंबसं वळवलं, पण पंखाचा वारा लागून बजा तोंडघशी पडली.

दिस भरले नसताना कळा सुरू झाल्या. सुईण निंगव्वा आत. मालक दाराला डोकं टेकून सारखं इचारायचे, "रडलं का?"

मी न्हाय म्हणून मान हलवायची.

"मीच केलं हे," ते म्हणाले. एरवी मी त्यांना कवा सोडत न्हाय, पण तवा मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

शेवटी निंगव्वानं फडक्यात गुंडाळलेलं लेकरू माझ्या हातात दिलं. मांजरीच्या पिलागत बारीक आवाज काढत व्हतं. मालक त्याच्या तोंडाकडं बगत ऱ्हायले.

"तोंड उघडलंय की गं. आवाज कुटाय? सोजर, आवाज कुटाय?"

मी त्यांचा तळहात धरला आन लेकराच्या छातीवर टेकवला.

"रडतंय," मी म्हणलं. "लई रडतंय."