वाक्याच्या सात पिढ्या

राग येतो हो, अजून येतो. आणि सगळा काही त्या उपकुलगुरू मोल्दोबायेववरच येतो असं नाही.

बुरमाकान एजे, म्हणजे आमच्या बोलीत बुरमाकानताई, आमच्या कोक-तोरच्या विद्यापीठात सव्वीस वर्षं ग्रंथपाल. मी त्यांच्या हाताखाली. पोरं मोबाइलवर दिसेल ते निबंधात चिकटवतात म्हणून एजे नुसत्या जळफळायच्या. शेवटी त्यांनी स्वतःच व्हिडिओ काढायला घेतले. सूचीकार्डांच्या जुन्या खणांना फोन टेकवायचा, डोक्याचा रुमाल घट्ट करायचा आणि सुरू! "अरे, सात बापजाद्यांची नावं येत नाहीत तो किरगिझ कसला? मग वाक्याला का सोडता? विचारा त्याला, तुझा बाप कोण? कुठल्या पुस्तकातून आलास? त्या पुस्तकाचा बाप कोण?" बोलता बोलता पडद्यावर वंशावळीचं झाड वाढत जायचं. पोरं खूश. मग गृहपाठ दिला: एकेक वाक्य घ्या, त्याचे बाप शोधा, व्हिडिओ करा.

आयपेरी नावाच्या पोरीने नेमकं मोल्दोबायेवच्या पुस्तकातलं वाक्य उचललं. तळटीपेत एका जुन्या अहवालाचं नाव होतं. एजेंनी तीन ठिकाणी पत्रं धाडली. असा अहवालच नाही! पोरीने झाडाच्या पहिल्याच फांदीवर लिहिलं, 'बाप सापडत नाही.' एजेंनी तो व्हिडिओ ग्रंथालयाच्या पानावर जसाच्या तसा टाकला.

"एजे, काढा हो तो," मी म्हटलं. "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. कशाला विस्तवाशी खेळता?"

"पोरीचं काय चुकलं ते सांग, आत्ता काढते."

व्हिडिओ तसाच राहिला.

मोल्दोबायेवच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चोराच्या उलट्या बोंबा! आठवड्याभरात त्याने आम्हा कर्मचाऱ्यांना चहाला बोलावलं. गरम तळलेल्या बोरसोकच्या ताटाशेजारी एक कागद. 'विश्वसनीय सूत्रांकडून समजते की ग्रंथपाल बुरमाकान विद्यार्थ्यांना वडीलधाऱ्यांचा अपमान करायला शिकवतात.'

"सह्या करून टाका," तो हसत म्हणाला. "चहा गार होतोय."

कुणी विचारलं नाही, कुठली सूत्रं? एकानेही नाही. मेली आमची तोंडं! खायला तेवढी उघडली.

एजेंना काढलं. व्हिडिओ पुसले. किल्ल्या द्यायला त्या आल्या तेव्हा तो कागद माझ्याच टेबलावर होता. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून वाचला. 'विश्वसनीय सूत्रांकडून' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारली. मग सह्यांवरून बोट फिरवत खाली आल्या.

"सापडले गं बाप," त्या म्हणाल्या. "बरोब्बर सात."

सातवी सही माझी होती.