रंभाबाईंचं उष्णतेचं खातं

रंभाबाईंच्या मते जगात आजार एकच, उष्णता. बाकीची सगळी तिची पोटनावं. डोकं दुखलं, उष्णता. तोंड आलं, उष्णता. शेजारचे बळीराम निवडणुकीत पडले, तेही थोडंफार उष्णतेनंच. आता नागपुरात, आणि तेही मे महिन्यात, असं म्हणणाऱ्या बाईला खोटं पाडायची कोणाची छाती आहे? उमरेडहून बिऱ्हाड हलवून इथे आल्यापासून त्यांनी अख्ख्या गल्लीला सब्जा पाजला होता आणि त्यातलं कोणी मेलं नव्हतं. एवढा दाखला त्यांना पुरत असे.

त्यामुळे आठव्या महिन्यात सुनेच्या, करिष्माच्या, तळहातांना आणि तळपायांना खाज सुटली तेव्हा घरात धावपळ वगैरे झाली नाही. पुरळ नाही, पुळी नाही, नुसती खाज. रात्री तर पोरगी उठून गार फरशीवर पाय घासत बसायची.

"आई, डॉक्टरले सांगू का?"

"काहून? उष्णता आहे ते. डॉक्टर का करन त्यात?" असं म्हणत रंभाबाईंनी मेंदी भिजवली.

नक्षीबिक्षी काही नाही. भिंतीला गिलावा करावा तसा हातापायांना सरसकट लेप. खाज थांबली नाही म्हणून दुसरा. मुलगा प्रीतम एकदाच म्हणाला की मोबाइलवर काही वेगळं लिहिलंय. मोबाइलनं किती बाळंतपणं केली, असं रंभाबाईंनी विचारल्यावर तो कूलरमध्ये पाणी भरायला निघून गेला. प्रत्येक वादानंतर तो तिकडेच जात असल्यामुळे त्यांचा कूलर कधी कोरडा पडत नाही.

सदर भागातल्या दवाखान्यात तपासणीला जायची घरची रीत ठरलेली होती. डॉक्टरांनी सुनेला विचारायचं आणि उत्तर सासूनं द्यायचं.

"भूक लागते ना?" डॉ. भैरवींनी करिष्माला विचारलं.

"लागते," रंभाबाई म्हणाल्या.

"झोप?"

"मस्त."

करिष्मानं उघडलेलं तोंड मिटलं. डॉक्टरांचं लक्ष तिच्या लालभडक हातांकडे गेलं. "घरात लग्न आहे का कोणाचं?"

एवढ्या शिकलेल्या बाईला काही शिकवायचा योग रोज येत नाही. रंभाबाई खुर्चीत सरसावून बसल्या. "लग्न नाही जी, उष्णता! तळपायालेही लावली, दोनदा. रातभर खाजवून राहिली ना ते! डोळ्याले डोळा लागत नाही तिचा."

"आत्ताच तर झोप मस्त म्हणालात."

डॉक्टरांनी खुर्ची करिष्माकडे वळवली, सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारले आणि लगेच रक्त तपासायला पाठवलं.

रिपोर्ट आला तेव्हा डॉ. भैरवींनी तिघांना समोर बसवलं. करिष्माचं यकृत पित्त नीट पुढे ढकलत नव्हतं. ते रक्तात साठत होतं, म्हणून खाज. काही बायांना गरोदरपणात असं होतं.

"पित्त म्हंजे उष्णताच झाली ना! मंग मी का म्हणून राहिली होती?" रंभाबाईंनी विजयी मुद्रेनं प्रीतमकडे पाहिलं. इथे कूलर नव्हता, त्यामुळे त्याला बसून राहावं लागलं.

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या. वरचेवर रक्त आणि बाळाचे ठोके तपासायचे, आणि पूर्ण दिवसांची वाट न पाहता तीनेक आठवडे आधीच कळा सुरू करून बाळंतपण उरकायचं, असं सांगितलं.

"कच्चं लेकरू काढता का?" रंभाबाई उसळल्या. "आमच्या घरात असं होत नाही. दिवस भरू द्या तिचे."

"काकू, ह्यात बाई धडधाकट दिसते. नुसती खाजवते. आणि एखादे दिवशी पोटातलं बाळ हलायचं थांबतं. मला ते होऊ द्यायचं नाही."

रंभाबाईंची नजर करिष्माच्या तळपायांकडे गेली. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, उमरेडला, त्या स्वतःही अशाच काथ्यानं तळपाय घासत बसायच्या. सासूनं मेंदी लावली होती. नववा लागला आणि पोटातलं हलणं थांबलं. मुलगी होती. ही ग्रहणात अंगणात गेली आणि लेकरू खाल्लं, असा निकाल सासूनं दिला. रंभाबाईंनी तो मान्य केला आणि पुढे आयुष्यात त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

"मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "मलेही अशीच खाज सुटली होती. लेकरू गेलं मायं. ग्रहणात बाहेर निघालं तं जाते का?"

"तेव्हा हेच झालं होतं का, ते आता सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण ग्रहणानं बाळ जात नाही, काकू."

रंभाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "तं सांगा, कधी आणायचं लेकरू?"

गोळ्या त्या स्वतः वेळेवर देऊ लागल्या. अर्थात सब्जाच्या पाण्याबरोबर. इतक्या वर्षांचं खातं एकदम कसं बंद करणार? मेंदीचा डबा मात्र दिसेनासा झाला. ठरल्या दिवशी करिष्माला मुलगी झाली, जरा बारकी, पण आवाजानं सगळा मजला उठवणारी.

करिष्माला झोप लागली होती, खरीखुरी. रंभाबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिचे तळपाय अंगठ्यानं चोळता चोळता त्यांना एकाएकी हुंदका फुटला. प्रीतम घाबरून जवळ आला.

"तुले एक मोठी बहीण होती गा," त्या म्हणाल्या. "तिले म्या नव्हतं मारलं."