एडनाची साखर

शनिवार, १७ जुलै २००४. सकाळी ढगाळ, दुपारी ऊन. क्लाइव्ह न्यायला आला. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात विल्फचा मिक्सर पाहिला. चहा बरा, केक कोरडा. चारचौघांत खोटं बोलले.

मोनिका टनिक्लिफचं पेन तिथे थांबलं. कॉन्व्हेंटच्या शाळेत असल्यापासून ती रोज संध्याकाळी डायरी लिहीत आली होती, पण असलं वाक्य तिच्या हातून कधी लिहिलं गेलं नव्हतं.

तिचा नवरा विल्फ इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरच्या रस्त्यांवर काँक्रीटचा मिक्सर चालवायचा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. त्याची ती फोडन कंपनीची जुनी मिक्सरगाडी खाणीमागे गंजत पडली होती. गॅरेजवाल्या क्लाइव्हने ती उचलून आणली आणि अख्खा हिवाळा तिच्या पायी घालवला. आज ती हिरव्या रंगात, ड्रम गरगर फिरवत मैदानात उभी होती, आणि भोवती टोपीवाले म्हातारे जमले होते. इंजिनाच्या आवाजावरून चढ कोणता ते कसं ओळखायचो हे कुणी सांगत होतं, कुणी ड्रममध्ये बसून थिजलेलं काँक्रीट फोडल्याने कान कसे गेले ते ओरडून सांगत होतं. बायकाही मागे नव्हत्या. एकीने लग्नाला मिक्सरमधून गेल्याचं सांगितलं आणि सगळे पोट धरून हसले.

मग क्लाइव्हने मोनिकाकडे वळून विचारलं, "मिसेस टनिक्लिफ, विल्फ घरी या गाडीबद्दल काय सांगायचे?"

काहीच नाही. विल्फ मागच्या दाराने यायचा, बूट पायरीवर काढायचा, नळावर हात-तोंड धुवायचा. मग दोघं वाटाण्याच्या वेलांबद्दल बोलायची. गाडीबद्दल तिने कधी विचारलं नव्हतं. त्या गाडीत ती एकदाही बसली नव्हती. सगळे चेहरे तिच्याकडे वळलेले, आणि तिच्यापाशी द्यायला काही नाही.

तेव्हा ती बोलून गेली. एकदा भर उन्हात लीक गावच्या चढावर गाडी बंद पडली, आत काँक्रीट थिजायला लागलं. विल्फ धावत घरी आला आणि जामसाठी आणलेली सगळी साखर घेऊन गेला. साखर पडली की काँक्रीट थिजत नाही. ड्रम वाचला, पण त्या वर्षी घरात जाम झाला नाही.

लोक खूश झाले. क्लाइव्हने ती गोष्ट लगेच भोंग्यावरून सगळ्या मैदानाला ऐकवली. कुणीतरी हसत चहाच्या तंबूतली साखरेची पिशवी आणून तिच्या हातात ठेवली. अक्षरं रंगवणारा माणूस गाडीच्या दारावर साखरेच्या पिशवीचं चित्र काढायला ब्रश शोधू लागला.

गोष्ट खरी होती. फक्त ती विल्फची नव्हती, त्याच्यासोबत मिक्सर चालवणाऱ्या सिरिल बॅग्नलची होती. साखर सिरिलच्या बायकोची होती. एडनाने ती मोनिकाच्या स्वयंपाकघरात बसून, हसून हसून डोळे पुसत सांगितली होती. एडना मागच्या वर्षी गेली.

आणि सिरिल चहाच्या तंबूत बसला होता. कुणीतरी त्याला विचारलं, तुम्हाला आठवतं का हे? तो म्हणाला, हो, विल्फच तो, बरोबर आहे.

मोनिकाने ते ऐकलं. ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

"सिरिल, ती साखर एडनाची होती."

"ठाऊक आहे मला. वर्षभर टोमणे खाल्लेत मी त्या जामवरून."

"मग गप्प का बसलास?"

"तू खोटी पडली असतीस ना, बाई. आणि माझ्या ड्रममधलं थिजलेलं काँक्रीट विल्फने किती वेळा फोडून दिलंय. एक गोष्ट गेली त्याच्या नावावर, तर जाऊ दे." तो चहा ढवळत राहिला. "एडनाची एवढी एकच गोष्ट होती, लोक हसायचे अशी."

मोनिका उठली. दारावर पेन्सिलीने पिशवी काढून झाली होती. तिने क्लाइव्हला बाजूला घेऊन सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. बघू, मी नंतर हळूच दुरुस्त करून सांगतो, असं तो म्हणाला. तिने नको म्हटलं आणि माइक मागून घेतला.

"मघाची गोष्ट सिरिल आणि एडना बॅग्नल यांची आहे. मी ती माझी म्हणून सांगितली. माझ्या नवऱ्याच्या गाडीबद्दल मला काहीच माहीत नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक जण खोकला. मग भोंग्यावरून एक हरवलेला कुत्रा सापडल्याचं सांगितलं गेलं. मघाशी तिचा हात धरून बोलणाऱ्या बायका केकच्या टेबलाकडे सरकल्या. रंगाऱ्याने चिंधीने पेन्सिल पुसली. दारावर काय लिहू, असं क्लाइव्हने तिच्याकडे न बघता विचारलं.

"त्याचं नाव. बाकी काही नको."

निघताना तिने ती साखरेची पिशवी सिरिलपुढे ठेवली. "आता सगळे माझ्याकडे जाम मागणार," तो कुरकुरला, पण पिशवी त्याने कोटाखाली घेतली.

परतीच्या वाटेवर क्लाइव्ह फक्त रस्त्याच्या कामाबद्दल बोलला. तिला दारात सोडलं, पण पुढच्या मेळाव्याचं नाव काढलं नाही.

मोनिकाने पेन पुन्हा उचललं. खोट्याच्या वाक्याखाली तिने झालेलं सगळं लिहिलं, स्वतःची कुठे गय केली नाही. मग उठून फडताळ उघडून पाहिलं आणि शेवटची ओळ लिहिली.

साखर संपत आली आहे. सोमवारी आणायची.