जावळ

आमच्या केंद्राची पाटी लावली तेव्हाच मी म्हटलं होतं, अक्षरं एवढी मोठी नकोत. विद्यापीठाच्या आवारात लांबून वाचता येईल अशी 'जनुकीय संशोधन सेवा' ही पाटी लागली आणि जळगावातल्या लोकांना वाटलं, आत जनुकं बघून निवाडा देतात. त्यात सत्यनारायणाला येतात तशी माणसं येऊ लागली, चपला बाहेर काढून.

खरं काम अगदी रुक्ष आहे. यंत्रं महाग असतात, एकट्या कॉलेजला परवडत नाहीत, म्हणून ती एका छताखाली ठेवलेली. रावेरकडून केळीची पानं येतात, रोग आहे का बघायला. धुळ्याहून कापसाचं बी येतं. प्राध्यापक मंडळी नमुने जेवणाच्या डब्यात बर्फ घालून आणतात आणि यंत्राच्या पाळीवरून नळावर भांडावं तशी भांडतात. मी इथली प्रमुख. माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात आणि मी ती गोड करायच्या भानगडीत पडत नाही. माणसांच्या चाचण्या आम्ही करत नाही. तशी परवानगीच नाही आम्हाला. हे वाक्य मी इतक्यांना सांगितलंय की झोपेतही बोलत असेन.

थंडी संपत आली असताना चाळीसगावकडून एक बाई आली. चांगल्या घरची, नाकात चमकी, डोक्यावर पदर. तिने टेबलावर एक गुलाबी रुमाल सोडला. आत बाळाचे मऊ केस होते आणि त्यांवर हळदीकुंकू, चार अक्षता.

"मना भाऊना पोऱ्यानं जावळ शे," ती म्हणाली. "दखी द्या, पोऱ्या त्यानाच शे का नही."

जावळ काढताना केस आत्याच्या पदरात घेतात आणि मग नदीत सोडतात. या आत्याने थोडे मागे ठेवले होते. देवासमोर, पाहुण्यांसमोर, भाच्याला मांडीवर घेऊन, पदर पसरून. लाडू वाटतानाही हिच्या डोक्यात हेच चाललेलं असणार.

कारण काय, तर पोराचे डोळे घारे. "आमना घरमा कोनाच डोया असा नहीत." भाऊ ट्रकवर असतो, महिना महिना बाहेर. बठ्ठा, म्हणजे सगळा गाव बोलतो म्हणे. भाऊ पोराला उचलून घेत नाही, आजी त्याला नावाने हाक मारत नाही. तपासणी आली की ठरणार, मायलेकरं घरात राहणार की नाही.

मी तिला सांगितलं की घारे डोळे कुठल्या तरी पणजीकडून आईबापांच्या अंगात लपून येऊ शकतात. तिने मान डोलावली, भाजीवाल्याचा भाव ऐकून डोलावतात तशी. माणसांचं इथे होत नाही, हेही सांगितलं. ते तर तिच्या कानापर्यंत गेलंच नाही. मग मला राग आला आणि मी म्हटलं, "बाई, हे कात्रीने कापलेले केस आहेत. याला मूळ नाही. मुळाशिवाय याच्यात बघण्यासारखं काही नसतं. घेऊन जा आणि नदीत सोडा."

हे मात्र तिने नीट ऐकलं. रुमाल बांधला, नमस्कार केला आणि गेली.

होळीनंतर ती परत आली. तोच रुमाल, या वेळी हळदीकुंकू नव्हतं. केस आखूड, नवे उगवलेले, आणि एकेकाच्या टोकाला पांढरा ठिपका.

"तुम्हीच सांगं व्हतं, मूळ पाहिजे," ती म्हणाली. चेहऱ्यावर गृहपाठ पूर्ण केल्याचं समाधान.

तुळतुळीत केलेल्या डोक्यावर केस उगवायची तिने वाट बघितली होती. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोलिसांचं नाव काढलं, शिपायाला हाक मारली. तिने शांतपणे रुमाल आवरला आणि जाता जाता म्हणाली, "कमी पडनात का? अजून केस लई येसू."

वैशाखात, जळगाव भाजून निघत असताना, एक मुलगी कडेवर पोर घेऊन आली. सासरी लसीचं कारण सांगून एसटीने आलेली. पोराच्या डोक्यावर लोकरीची टोपी. मी नेहमीच्या सुरात खेकसले, "एवढ्या उन्हात टोपी कशाला?"

तिने टोपी काढली. डोक्यावर ठिकठिकाणी केस नव्हते, नुसती लाल कातडी, काही ठिकाणी खपली. मी हात पुढे केला तर पोराने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. अजून बोलता येत नव्हतं त्याला. डोळे खरंच घारे होते, फार सुंदर.

मी तिला रीतसर मार्ग सांगायला लागले. कोर्टातून अर्ज, सरकारी प्रयोगशाळा, बापाचं रक्त. तक्रार मी स्वतः करते म्हटलं. ती घाबरली. "तक्रार झाली तर त्याच दिवशी बाहेर काढतील, मॅडम. माहेरी भावजयीचं राज्य आहे. मी जाऊ कुठे?" मग म्हणाली, "मला तपासणी नको. पोरगा कोणाचा, हे मला माहीत आहे. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या की मुळासकट केसही चालत नाहीत."

इतकी वर्षं या खोलीतून एक अक्षर खोटं बाहेर गेलेलं नाही. मोठमोठ्या प्राध्यापकांचे लाडके आकडे मी त्यांच्या तोंडावर फेकलेत. त्या दिवशी केंद्राच्या कागदावर मी टाइप केलं की लहान मुलांच्या केसांवरून, ते मुळासह असले तरी, पितृत्व कळत नाही. केस आणू नयेत. खाली सही केली, गोल शिक्का उमटवला. तिने तो वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. पोराला टोपी घालताना ते रडलं.

मला बरं वाटलं, हे सांगायला हवं. संध्याकाळपर्यंत मी कोणावर ओरडले नाही.

आठवडाभराने केंद्राच्या फोनवर आत्या होती. आवाजात राग नाही, उलट आदर. "मॅडम, तुमनं पत्र भेटनं. आते आम्ही केस काढत नही." मागे कुठेतरी पोराचं खिदळणं ऐकू येत होतं. "मंग नखं चालतीन का?"

नाही, मी ओरडले, नखं चालत नाहीत, काहीच चालत नाही.

ती रेशन कार्डाला कोणते कागद लागतात असं विचारावं तशी म्हणाली, "असं कसं? काय चालस, ते तरी सांगी द्या."