आमच्या अंगणाचं पाणी

लोकांच्या घरी लग्नाचे अल्बम असतात, आमच्या घरी अंगणाचे किस्से आहेत. चार माणसं चहाला बसली की कोणीतरी म्हणतंच, "भाऊ, ते मासोळ्यांचं सांगा नं!" एक सांगायला घेतला की मागून दुसरा वाहत येतो. त्या घराकडे सगळंच वाहत यायचं, किस्से तरी का मागे राहतील?

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं तेव्हाची गोष्ट. जो तो घर घ्यायच्या मागे. आमच्या बायकोनं, सुनंदानंही माझ्यामागे धोशा लावला, "आता नाही घेतलं तं जिंदगीभर क्वार्टरमध्येच राहाल!" गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत एक घर मिळालं. दोन वर्षं कुलूप लागलेलं, मागे मोठं अंगण, आणि कुंपणापलीकडे जुना पारा, म्हणजे छत्तीसगढी लोकांची मूळ वस्ती. आम्ही पाहिलं भर एप्रिलमध्ये. अंगण ठणठणीत कोरडं! दलालानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "भाईसाहब, पानी की तकलीफ इस घर में कभी नहीं होगी!"

जुलैत एका सकाळी मागचं दार उघडलं, तर गुडघाभर पाणी, आणि माझ्या चपला कुंपणाशी तरंगत होत्या. मी हादरलोच. तसाच दलालाला फोन लावला.

"तुम तो बोले थे पानी की तकलीफ नहीं होगी!"

"तो?" तो शांतपणे म्हणाला, "कम पड़ गया क्या?"

* * *

एरवी मी एवढा घाबरलो नसतो. पण आमच्या प्राचीचं जमत आलं होतं. नागपूरच्या वानखड्यांचा मुलगा. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. राहिलं होतं एकच, मुलाच्या आईला घर पाहायचं होतं. "माणसं कशी राहतात, ते घर पाहून समजते," असं त्या बाईंचं म्हणणं. राखीच्या दुसऱ्या दिवशी येणार होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर हे डबकं! सुनंदाची झोपच उडाली.

शेजारी गजभिये साहेब. रेल्वेतून रिटायर झालेले, मूळचे भंडाऱ्याचे. त्यांनी सल्ला दिला, "भाऊ, मुरूम टाका. अंगण उंच करा." टाकला. दुसऱ्या दिवशी अंगणात थेंब नाही! मी खुशीत चहा पीत बसलो होतो, तर कुंपणावरून गजभिये साहेबांचं डोकं वर आलं.

"भाऊ, तुमचं पाणी आमच्याकडे आलं जी. न्यायले या!"

मी ओशाळलो. मग त्यांनीही मुरूम टाकला, आमच्यापेक्षा उंच. आमचा मुरूम तोवर चिखलात बसला होता. पुढच्या पावसानंतर साहेब पुन्हा कुंपणावर.

"आणून दिलं बरं का तुमचं. चार दिवस ठेवलं, पाहुणचार केला. आता तुमचं तुम्ही सांभाळा!"

* * *

मग अमरावतीहून साळे अवतरले. बंडू. वास्तुशास्त्राची दोन पुस्तकं वाचलेला माणूस, म्हणजे पुस्तकं न वाचलेल्यापेक्षा जास्त धोकादायक!

"भाऊजी, पाणी कोणत्या दिशेनं काढून राहिले तुम्ही?"

"जिकडे उतार आहे तिकडे."

"म्हणूनच तं बसून राहिलं! पाणी ईशान्येले काढा."

ईशान्येला रस्ता, आणि रस्ता आमच्या अंगणापेक्षा चांगला हातभर उंच. मी हे सांगून पाहिलं. पण सुनंदानं भावाची बाजू घेतली, आणि आमच्या घरी तिची बाजू म्हणजे निकाल. दोन मजूर लावून ईशान्येला चर खणला, थेट रस्त्याच्या नालीपर्यंत. बंडूनं त्यावर हळद-कुंकूही वाहिलं.

रात्री धो धो पाऊस. सकाळी पाहतो तर काय! आमचं पाणी गेलं नाहीच, पाऱ्यापलीकडच्या धानाच्या शेतांतलं सगळं पाणी नालीतून आमच्याकडे आलं होतं. त्यात बोटाएवढ्या मासोळ्या! अंगणात मासोळ्या पोहून राहिल्या! 

बंडू मात्र हात जोडून उभा. "भाऊजी, लक्ष्मी ईशान्येकडूनच येते!"

* * *

बंडूला गाडीत बसवून द्यायच्या आधी अजून एक उद्योग झाला. सुनंदानं ऐकलं होतं की शोषखड्डा खणला की पाणी जमिनीत मुरतं. पाऊस उघडला तसा कोपऱ्यात खड्डा खणायला घेतला. कमरेइतकं गेल्यावर कुदळ खणकन वाजली. माती सारली, तर खाली फरशी. तिच्याखाली अजून एक, थोडी पुढे. तिच्याखाली अजून एक. पायऱ्या! आमच्या अंगणात, जमिनीच्या पोटात, खाली उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या!

मजुरांनी कुदळी टाकल्या. सुनंदानं पदर तोंडावर धरला. बंडू ओरडला, "खजिना!" आणि स्वतः खड्ड्यात उतरला. जन्मात कधी त्याच्या हातात मी कुदळ पाहिली नव्हती. घामाघूम होईस्तोवर खणत राहिला. खजिना काही निघाला नाही. खालून पाणी मात्र उकळ्या फुटल्यासारखं वर आलं, आणि बंडूला दोघांनी धरून बाहेर काढावं लागलं.

गजभिये साहेबांनी कुंपणावरून वाकून पाहिलं. "भाऊ, याले शोषखड्डा म्हंता? हा तं पाणी ओकून राहिला!"

पायऱ्या जमिनीत कोणी कशाला बांधेल, हे कोणालाच सुचलं नाही. एवढे शिकलेले आम्ही!

* * *

राखीच्या आदल्या दिवशी प्राची हसत हसत फोन ठेवताना दिसली.

मी म्हटलं, "काय सांगितलं त्या पोट्ट्याले?"

"कुछ नहीं बाबा. बोल दिया हमारा घर लेक-व्यू है."

"अन् त्यानं?"

"मम्मी को बता दिया. वो बहुत खुश हैं!"

सुनंदा मटकन खाली बसली.

* * *

वानखडे मंडळी आली. मी सकाळपासून भाड्याचा पंप लावून ठेवला होता, पाइप पाऱ्याकडच्या मागच्या फाटकातून बाहेर, म्हणून फाटक सताड उघडं. मुलाच्या आईनं रेशमी पातळ सावरत पहिलाच प्रश्न केला, "तलाव कुठे आहे जी?"  त्या सरळ मागच्या दारात गेल्या. पाणी पाहिलं, पंप पाहिला, विटांवर ठेवलेली फळी पाहिली. ओठ घट्ट मिटले. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं, संपलं. माझ्या पोरीचं लग्न मी या डबक्यात बुडवलं.

तेवढ्यात गाणं ऐकू आलं. पाऱ्यातून बायकापोरींची रांग येत होती. प्रत्येकीच्या डोक्यावर टोपली, टोपलीत गव्हाचे पिवळेधमक कोंब. ती भोजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी तिकडे ती पाण्यात शिरवतात, म्हणजे विसर्जन करतात. रांग आमच्या फाटकातून आत आली! कोणी विचारलं नाही, कोणी थांबलं नाही. पुढची म्हातारी त्या खड्ड्याशी गेली आणि पायानं चाचपत बरोबर पहिल्या पायरीवर उभी राहिली.

मी कसाबसा म्हणालो, "अम्मा, ये हमारा घर है."

"हव," म्हातारी म्हणाली. "फेर ये हमर तरिया आय, बेटा. घर तो पाछू बनिस. दू बछर ले फाटक मा तारा लगे रिहिस."

तरिया म्हणजे तळं! घर मागून झालं, आणि दोन वर्षं फाटकाला कुलूप म्हणून त्यांना येता आलं नव्हतं. मी कधी पंप बंद केला, मलाच आठवत नाही.

टोपल्या पाण्यात शिरल्या. धुतलेले कोंब घेऊन म्हातारी वर आली. थोडे सुनंदाच्या कानामागे खोवले, थोडे मुलाच्या आईच्या. "आज ले तुमन भोजली," म्हणाली. गजभिये साहेबांनी कुंपणावरून सांगितलं, "वहिनी, आता तुम्ही दोघी जन्माच्या मैत्रिणी. तोडता येत नाही जी हे!"

मुलाच्या आईनं कानामागचे कोंब चाचपून पाहिले. पाण्याकडे पाहिलं. मग रेशमी पातळ वर खोचलं, पाय पायरीवर टाकला, आणि सुनंदाकडे वळून म्हणाल्या,

"विहीणबाई, काहून काढून राहिल्या हो हे पाणी?"