चंद्रकलेच्या मागामागची समुद्री भिंत

आमच्या शेजारची चंद्रकला कोणावर विश्वास ठेवत नाई, बापा! दूधवाल्यासमोर बोट बुडवून दूध चाखते. माझ्याकडून साखर नेली तरी अगोदर जिभेवर ठेवून पाहते. आमच्या गल्लीत आता तिचा एकटीचाच हातमाग चालते, अन् तो बंद पडावा म्हणून सगळी दुनिया टपून बसली आहे, असं तिच्या डोक्यात.

टपून होता तो तिचा नवराच. बाबनराव म्हणे, "दर उन्हाळ्यात धागे तुटले की रडते तू. यंदा ताण्याचे उभे धागे टिकले नाईत तं माग काढू अन् त्या खोलीत भाडेकरू ठेवू." मे महिन्यात आमच्याकडची हवा इतकी कोरडी, की नुसता हात लागला तरी धागा तुटते. ती संध्याकाळी मागाखालची जमीन ओली करे, सकाळी ऊन चढलं की खडखडीत.

तिचा पोरगा चेतन बुटीबोरीले कारखान्यात आहे. तिथं समुद्री शेवाळाचे जाड बोर्ड बनवतात, भिंतीले लावाचे. कोकणात कुठलंसं जुनं बंदर आहे, कारखाने बंद पडलेले, जहाजं येत नाईत. तिथल्या रिकाम्या गोदामांत हे शेवाळ वाळवतात म्हणे. चेतननं ते बोर्ड आणून मागाच्या टिनाच्या खोलीले आतून ठोकले, अन् काहून ते न सांगताच पाळीवर पळाला.

झालं! बाईच्या डोक्यात किडा शिरला. समुद्राचं गवत माझ्याच मागाजवळ काहून? पहाटे हात लावला तं बोर्ड ओलसर. चाटून पाहिला, खारट! धावत माझ्याकडे आली. "कुसुम, बापलेकानं मिळून डाव केला वं! ताण्याले खळ लावलेली असते, ओल लागली की बुरशी धरते. मंग ताणा गेला, माग गेला, खोली मोकळी!"

पावसाळ्यात तसं होते खरं, म्हणून मले वाटलं, असंन बाई.

तिनं सगळ्या भिंतींवर प्लास्टिक ठोकून घेतलं. अन् मग धागे जे तुटाले लागले! एक गाठ मारली की बाजूचा तुटे. बाबनराव दारात उभे राहून भाडेकरूची खाट कुठं बसंन ते पाहून राहिले होते.

सुट्टीच्या दिवशी चेतन घरी सापडला, तशी त्याच्या अंगावरच गेली. "खरं सांग, बापानं शिकवलं न तुले? माझा माग मोडाचा होता न?"

पोरगा थक्क. खोलीत गेला, प्लास्टिक पाहिलं अन् खालीच बसला. "आई, तू संध्याकाळी पाणी टाकते न, ती ओल हे बोर्ड रात्री पिऊन घेतात अन् दिवसा हळूहळू सोडतात. धागे तुटू नये, तुझा माग राहावा म्हणूनच आणले मी. तू त्यांचं तोंडच बांधून टाकलं."

"मंग खारट काहून लागते?"

"धुतानी मीठ राहिलं असंन. चाटलं का तू?"

मले हसू फुटलं, तिले नाई. तिनं प्लास्टिकचे सगळे खिळे स्वतःच उपटले.

हळूहळू ताणा सावरला, अन् बाबनरावनं भाडेकरूचं नाव सोडलं. आता रात्रपाळी करून आला की चेतन त्याच खोलीत मागाच्या बाजूले झोपते, घरात तेवढीच थंड जागा. काल मी डोकावले तं अर्धी साडी मागावर अन् चंद्रकला नुसती बसलेली.

"काहून वं, तुटला का धागा?"

तिनं ओठावर बोट ठेवलं. "हळू बोल. आत्ताच डोळा लागला त्याचा."