आप्पांचं प्रस्थान

कुठंही न जाता प्रवासाची इतकी तयारी केलेला माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात माझ्या मावशीच्या नवऱ्यावाचून दुसरा झाला नसेल, हे मी बेलभंडारा उचलून सांगायला तयार आहे. मी त्यांना आप्पा म्हणत असे. सगळं बेंबळी गावच म्हणत असे. गावात त्यांचं किराणा दुकान होतं आणि दुकानासमोर आमचं घर. माझं लग्न मावशीनंच जुळवलेलं, त्यामुळं मी सून म्हणून आले ती थेट आप्पांच्या डोळ्यांसमोर. अंगाची हळद उतरली नव्हती, तोच एका सकाळी आप्पा पाठीवर भलंमोठं गाठोडं घेऊन आले, आमच्या ओसरीच्या कोपऱ्यात ते टेकवलं आणि मला म्हणाले, "पोरी, हे माझं प्रस्थान. ह्याला हात लावू नगं. आठा दिवसांत निघतोय." त्या गाठोड्यानं पुढं सात वर्षं आमचा कोपरा सोडला नाही. माझ्याआधी पाच वर्षं ते माझ्या सासूबाईंनी सांभाळलं होतं आणि फक्त आमच्या लग्नाच्या गर्दीपुरतं शेजारच्या ओसरीवर हलवलं होतं, हे मला मागाहून कळलं. कुणी हुंड्यात म्हैस देतं, मला सासरी आयतं गाठोडं मिळालं.

त्यांना जायचं होतं श्रीशैलाला, मल्लयाच्या दर्शनाला, पायी. आप्पांना एकदा मुदतीचा ताप आला होता. एकविसाव्या दिवशी वैद्यानंही हात टेकले, तेव्हा मावशीनं नवस बोलला की हे उठून बसू देत, आम्ही जोडीनं चालत तुझ्या दारी येऊ. आप्पा उठून बसले. नुसते उठून बसले नाहीत, तर पुढच्याच आठवड्यात श्रीशैलाची वाट कुठून कशी जाते ह्याची चौकशी करू लागले आणि ती चौकशी बारा वर्षं चालली. आमच्याकडून श्रीशैल म्हणजे काही तुळजापूर नव्हे. आधी आपली काळी रानं, मग माळ, मग कानडी मुलूख, मग भीमा, पुढं कृष्णा, रायचूरचे तापलेले धोंडे, आणि त्याच्याही पुढं दिवसाउजेडी अस्वलं हिंडतात असं घोर रान. शिवरात्र झाली की चालणारी माणसं निघत आणि पाडव्याला पोचत. आप्पाही दर वर्षी शिवरात्रीनंतर निघत. निघत म्हणजे जंगमस्वामींकडून मुहूर्त काढून घेत आणि प्रस्थान ठेवत.

हे प्रस्थान म्हणजे काय ते आताच्या मुलांना सांगावं लागतं. मुहूर्ताच्या वेळी माणसाला निघणं जमणार नसेल, तर त्यानं आपलं सामान तरी घरातून हलवायचं आणि जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. सामान निघालं म्हणजे माणूस निघाला असं धरतात. मग चारआठ दिवसांत सवडीनं जावं. मात्र ते सामान परत घरात न्यायचं नाही, नेलं की प्रवास मोडला. आमचं घर नेमकं आप्पांच्या आग्नेयेला आणि श्रीशैलही त्याच दिशेला. आता आप्पांनी प्रवासाला लागेल म्हणून आपल्या सगळ्या चांगल्या वस्तू त्या गाठोड्यात बांधल्या होत्या, वस्तरा, पितळी तांब्या, बरं धोतर, जाड घोंगडी, सुई-दोरा, अडकित्ता. घरी नेता येत नाहीत म्हणून ते दर सोमवारी दाढी करायला आमच्या ओसरीवर येत, आपलं गाठोडं सोडत, आपल्या वस्तऱ्यानं दाढी करत आणि गाठोडं पुन्हा बांधून दुकानात जात. कुणाचं लग्न असलं की चांगलं धोतर नेसायला आमच्याकडं. थंडी वाढली तेव्हा एकदा घोंगडी पांघरून आमच्या ओसरीवरच झोपले. मावशी मला म्हणायची की माझा नवरा अर्धा तुझ्याकडंच नांदतोय बघ. मी तोंडदेखलं हसायची, पण सकाळी सडा घालताना ते धूड हलवायचं माझ्याच नशिबी होतं.

आप्पांच्या चौकशीला तर सुमार नव्हता. दुकानात परगावचा माणूस आला की गिऱ्हाईक म्हणून नव्हे, वाट म्हणून त्याच्याकडं बघायचे. मीठवाले, घोंगडीवाले, लमाण, भिक्षेकरी, बदली होऊन आलेले सरकारी शिपाई, कुणालाही सोडत नसत. पहिला प्रश्न ठरलेला: तुमच्या गावच्या पाण्यात तुरीची डाळ शिजती का? त्यांचं म्हणणं असं की ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्यानं माणसाचं पोट फुगतं आणि पोट फुगलेला माणूस कोसभरही चालत नाही. दुसरा प्रश्न कुत्र्यांचा. तिसरा, काटे सराट्याचे की बाभळीचे. ही सगळी उत्तरं ते एका वहीत मोडीत उतरून ठेवत. गावाबाहेर वडार धोंडे फोडायला उतरले होते, त्यांची बोली तेलुगूच्या जवळची, म्हणून आप्पा दुपारी दुकान मावशीवर टाकून त्यांच्याकडं शिकायला जात. महिनाभरानं त्यांना दोन वाक्यं आली: इथं पाणी आहे का, आणि हे कुत्रं चावतं का. तेवढ्यावर तेलंगण पालथं घालता येईल असा त्यांचा भरवसा होता. मावशीला ते तेलुगूत पाणी मागत आणि ती कानडीत काय उत्तर देई ते मी इथं लिहीत नाही.

त्या वहीपायी एकदा चांगलीच पंचाईत झाली. जर्मनच्या लढाईचे दिवस, जो तो संशयानं बघायचा. आप्पा चालायच्या सरावाला म्हणून येडशीच्या डोंगरातून रामलिंगाकडं निघाले होते. पायात दोन वेगळ्या वहाणा, एक काळ्या रानासाठी शिवलेली आणि एक माळासाठी, कुठली टिकते ते बघायला. पाठीवर सराव म्हणून पायलीभर ज्वारीचं ओझं. अशा अवतारातल्या माणसाला वाटेवरच्या जमादारानं हटकलं यात मला तरी काही गैर वाटत नाही. झडतीत वही सापडली. कुठल्या गावी विहीर कुठं, वाट कुठून फुटते, कुत्री किती. जमादार म्हणाला हा हेर आहे. आप्पांना बसवून ठेवलं आणि मोडी वाचणारा एक कारकून बोलावून वही पहिल्यापासून वाचायला लावली. कारकून वाचतोय: ह्या गावी डाळ शिजत नाही, त्या गावी दोन कुत्री, पैकी एक लंगडं. चार पानं झाल्यावर जमादारालाही गोडी लागली. मग नेमकं त्याचं गुलबर्ग्यापलीकडचं गाव आलं आणि तिथं डाळ शिजत नाही असं निघालं. जमादार ताडकन उठला आणि म्हणाला, "हमारे गाव में दाल बराबर गलती, वो काट डालो." आप्पांनी ते खोडलं, वर जमादाराकडून पुढच्या तीन गावांची माहिती काढली आणि चहा पिऊन घरी आले. तेव्हापासून जमादार बेंबळीत आला की दुकानात बसायचा.

मावशी हे सगळं हसण्यावारी न्यायची. निदान पहिली काही वर्षं तरी. कडक भाकरी किती दिवस टिकते ते बघायला आप्पांनी उतरंडीवर भाकऱ्यांची माळ टांगली, बाराव्या दिवशीची भाकरी उंदरानं खाल्ली, तर आप्पा दोन दिवस तो उंदीर जिवंत आहे का ते शोधत होते. तेव्हाही ती पोट धरून हसली. पण पुढं तिच्या गुडघ्यांना वातानं धरलं. जात्यावर बसली की उठताना भिंत धरायची. माझ्याकडं यायला गल्ली ओलांडायची तर मध्ये एकदा थांबायची. नवस जोडीनं चालून यायचा होता, गाडीत बसून नव्हे, आणि एकीचे पाय दर वर्षी थोडे थोडे कमी होत चालले होते. मी एकदा आप्पांना चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, तुमची वही भरेल, पण मावशीचे पाय काय तोवर वाट बघत बसणार? आप्पा अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले. मला तेव्हा त्यांचा संताप आला होता, खोटं कशाला बोलू.

निजामाचं राज्य जायच्या दोनतीन वर्षं आधीची शिवरात्र. नेहमीप्रमाणं मुहूर्त निघाला, आप्पांनी गाठोडं उचलून आमच्याच ओसरीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं, म्हणजे नवं प्रस्थान झालं. चौथ्या दिवशी म्हणाले यंदा काही जमत नाही, कृष्णेवर टोपलीसारखी गोल नाव असते म्हणे, तिच्यात पाय आधी कुठला टाकायचा ते सांगणारा रायचूरचा माणूस आलाच नाही. पाचव्या दिवशी सकाळी येडशीकडची दहाबारा माणसं श्रीशैलाला चालत आमच्या गावातून जात होती. मी अंगण झाडत होते. मावशी आली. कपाळाला विभूती, पदर खोचलेला, पाय अनवाणी. तिनं सरळ गाठोड्याला हात घातला, ते उचलेना, तेव्हा खाली बसून सोडलं, घोंगडी आणि तांब्या तेवढा काढून घेतला.

मी म्हटलं, मावशी, आप्पा?

"त्यास्नी सांग म्या म्होरं गेले," ती म्हणाली. "ह्या साली पाय उचलत्यात, बाई. म्होरल्या साली उचलत्याल का न्हाय, कुणाला ठावं."

आणि गेली. मी केरसुणी हातात घेऊन तशीच उभी राहिले. तिला थांबवावं का जाऊ द्यावं ते मला कळेना, आणि खरं सांगायचं तर मनातून मला बरंही वाटलं.

तो सोमवार होता. थोड्या वेळानं आप्पा दाढीला आले. गाठोडं सुटलेलं बघून ते माझ्यावरच चिडले. पण मी काही सांगायच्या आत त्यांनी सवयीनं वस्तरा घेतला, आरसा टेकवला आणि एक गाल उरकला. मग मी सांगितलं. ते आरशातून माझ्याकडं बघत राहिले. "वहाणा घातल्यात का?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर वस्तरा खाली ठेवला, उठले आणि निघाले. डोक्याला पटका नाही, पायात काही नाही, एक गाल तासलेला आणि एकावर दाढी. वही नेली नाही, भाकऱ्या नेल्या नाहीत, दुकानाची फळी उघडीच. एकदा निघालेला माणूस परत घरात शिरत नाही, म्हणून असेल किंवा सुचलंच नसेल म्हणून असेल, पण आपल्या दारावरून जाताना त्यांनी आत बघितलंसुद्धा नाही. दुकान आमच्या ह्यांनी बंद केलं.

आठ दिवसांनी एक गाडीवान सांगत आला की उमरग्याच्या पुढं दोघं दिसले, बाई पुढं आणि चार पावलं मागं एका गालावर दाढी वाढलेला गृहस्थ. त्यानंतर दीड महिना काही कळलं नाही. मग एका दुपारी येडशीच्या स्टेशनावरून बैलगाडी आली आणि तीतून दोघं उतरली. मावशी काळी ठिक्कर पडली होती, पण उतरताना तिनं कुणाचा हात धरला नाही. सगळं गाव जमलं. बारा वर्षं ज्यानं जगाला वाट विचारली, त्याच्या तोंडून आता वाट ऐकायची होती. जमादार मुद्दाम आला होता, त्याच्या गावी डाळ शिजली का हे त्याला ऐकायचं होतं. आप्पा म्हणाले, शिजली असंल. कृष्णा केवढी होती? म्हणाले, व्हती मोठी. नावेत पाय कुठला टाकला ते त्यांना सांगता येईना. सगळं मावशीनंच सांगितलं, अस्वलाची पावलं, रानातला पाण्याचा झरा, तेलंगी बायकांनी दिलेला चिंचेचा भात. लोक म्हणाले, आप्पा देव बघून आले आणि त्यांना ताठा चढला. मलाही थोडं तसंच वाटलं.

पुढं दोन वर्षांनी मावशी लिंगैक्य झाली. पाय नव्हते गेले, छातीत दुखलं आणि संपलं. राज्य बदललं, जमादार कुठं गेला कळलं नाही, आप्पांनी दुकान भाच्यावर सोपवलं आणि दुपारभर आमच्या ओसरीवर येऊन बसू लागले. अशाच एका दुपारी मी शेंगा फोडत होते. म्हटलं, आप्पा, आता तरी सांगा की, वाट कशी होती.

"वाट न्हाय बघितली," ते म्हणाले. "हिचे पाय बघत व्हतो. काटा बिटा लागंल म्हणून."

मग बारा वर्षं चौकशी कशाला करत बसला होतात, असं मी विचारलं. खवचटपणानंच विचारलं. आप्पांनी दोन शेंगा उचलल्या, पण फोडल्या नाहीत.

"तिनं जोडीनं येतो म्हणून बोललं व्हतं," ते म्हणाले. "जवर गेलो न्हाय तवर मल्लया जोड मोडत न्हाय, अशी माझी समजूत. गेलो तर पुढं त्याला काय पडलंय?"

 इतकी वर्षं मी ह्या माणसाला आळशी म्हणाले, भित्रा म्हणाले, तोंडावर म्हणाले. मी विचारलं, मग श्रीशैलाला गेल्याचं वाईट वाटतं का.

आप्पांनी बराच वेळ मान हलवली. "न्हाय," म्हणाले. "रायचूरच्या म्होरं ती गात चालली व्हती. कानडीत. घरात कधी गायली न्हाय."

मी मावशीच्या मांडीवर वाढले होते. मी म्हटलं, आप्पा, मीसुद्धा तिला कधी गाताना ऐकलं नाही. माझ्या आईनंही ऐकलं असेल असं वाटत नाही.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना ते नवीन होतं. मग जरा हसले.

"म्हंजे मला एकट्यालाच ठावं," असं म्हणाले आणि शेंगा फोडायला लागले.